जावयाची कडक कॉफी

मास्तर शिंपी होते, आणि तोंडाचे इतके फटकळ की त्यांच्याकडे कपडे शिवायला टाकणं म्हणजे आधी चार शब्द ऐकून घेणं. माप देताना गिऱ्हाइकाने पोट आत ओढलं की मास्तर टेप गळ्यात टाकून हाताची घडी घालायचे. "श्वास सोडा साहेब. पँट मला तुमच्या पोटाची शिवायचीय, तुमच्या इच्छेची नाही," असं खुशाल म्हणायचे. साहेब रागाने लाल व्हायचे, दोन-तीन दुकानं फिरून यायचे आणि शेवटी मास्तरांच्याच आरशापुढे उभे राहायचे. कारण मास्तरांचा कपडा अंगावर बसायचा.

असा हा माणूस एका बाबतीत मात्र गेली कित्येक वर्षं धडधडीत खोटं बोलत होता. ती बाब म्हणजे जावयाची कॉफी.

त्याचं असं झालं. लग्न ठरलं आणि होणारा जावई पहिल्यांदा घरी आला. येताना स्वतः दळलेली कॉफी घेऊन आला आणि म्हणाला, आज मीच करतो सगळ्यांना. मास्तरांचं घर पक्कं चहाचं. कॉफी त्या घरात कुणी आजारी पडलं तरी होत नसे. पण जावई स्वयंपाकघरात उभा राहून काही करतो आहे म्हटल्यावर मास्तरांच्या बायकोला, म्हणजे सासूबाईंना, कुठे ठेवू आणि कुठे नको असं झालं. पहिला घोट घेतला न घेतला तोच त्या म्हणाल्या, "अगंबाई, काय छान कडक झालीय! आमच्याकडे कडकच लागते हो सगळ्यांना." मास्तर काहीतरी बोलायला तोंड उघडणार, एवढ्यात टेबलाखाली त्यांच्या पायावर पाय पडला.

"वा," मास्तर म्हणाले. "फक्कड."

खरं तर ती पहिली कॉफी तशी वाईट नव्हती. पिण्यासारखी होती. पण पुढे ती दर भेटीला बिघडतच गेली. आधी नुसती काळी होती, मग घट्ट झाली, मग घशातून उतरताना ओरखडे काढू लागली. मास्तर मुकाट्याने गिळायचे आणि "फक्कड" म्हणायचे. दुकानात काम करणाऱ्यापासून बँकेच्या मॅनेजरपर्यंत वयाने लहान दिसेल त्याला ते अरेतुरे करत, पण जावयाला मात्र अहोजाहो. जावई म्हणजे घरातला माणूसही आणि पाहुणाही, आणि पाहुण्याच्या हातच्या पदार्थाला नावं ठेवायची नसतात, एवढं वळण मास्तरांनाही होतं. शिवाय पोरगी त्याच्या घरात सुखी होती. तेवढ्यासाठी महिन्यातून एक कप काढ्यासारखा प्यायला काय हरकत आहे, असा त्यांचा सोपा विचार होता.

हा सोपा विचार त्यांना महागात पडला तो तळ्याकाठी.

तळ्यावर तंबू ठोकून दोन दिवस राहायची कल्पना जावयाचीच. मास्तर आधी कुरकुरले. घरात चांगली गादी असताना जमिनीवर कशाला झोपायचं, हा त्यांचा प्रश्न रास्तच होता. पण लेक म्हणाली, चला ना बाबा, आणि विषय संपला. संध्याकाळी दोन तंबू उभे राहिले. मास्तरांनी तंबूची शिवण बोटाने चाचपून पाहिली, टाके लांब आहेत म्हणून नाक मुरडलं आणि खुर्ची टाकून तळ्याकडे तोंड करून बसले. तेव्हा जावई त्यांच्याजवळ येऊन उकिडवा बसला.

"बाबा, एक सांगायचं होतं. सोमवारी राजीनामा देतोय."

जावई लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत होता. बंद पडलेल्या लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांना बाहेर काढायचं, दोर तपासायचे, यंत्राला तेल घालायचं. काम धुळीचं होतं, पण पगार वेळेवर होता आणि वरचे लोक त्याला मानत होते.

"का हो? कुणी काही बोललं का?" मास्तरांनी विचारलं.

"छे. कॉफीची गाडी टाकतोय. ऑफिसच्या इमारतींपाशी जागा पण बघितलीय. तुम्हाला आवडते ना, तीच कडक कॉफी. लोकांना दुसरीकडे मिळणारच नाही अशी."

ते खरंच होतं. अशी कॉफी दुसरीकडे मिळणार नव्हती. मास्तरांनी लेकीकडे पाहिलं. ती तंबूच्या दाराशी चादरी झटकत होती.

"तुझं काय म्हणणं आहे?"

"माझं काय बाबा? मला तर कॉफीच्या वासानेच डोकं धरतं, मी कधी जिभेला लावली नाही. मी आधी नकोच म्हणत होते. पण म्हटलं, जगात सगळे तोंडदेखलं बोलतील, आपले बाबा नाही बोलायचे. तुम्ही इतकी वर्षं चांगली म्हणताय म्हणजे चांगलीच असणार. म्हणून हो म्हटलं."

मास्तरांना वाटलं, आत्ताच्या आत्ता सांगून टाकावं. पण जावई इतक्या आनंदाने त्यांच्याकडे पाहत होता की ते नुसतेच 'हं' म्हणाले. जेवणं झाल्यावर नळापाशी ताटं विसळताना त्यांनी बायकोला गाठलं.

"आता बोलायला हवं."

"काही नको," सासूबाई म्हणाल्या. "जावयाला असं तोंडावर कुणी सांगतं का? मन मोडेल त्यांचं."

"अगं, नोकरी सोडतोय तो!"

"मग चार दिवसांत गिऱ्हाईकच सांगेल. आपण कशाला वाईटपणा घ्यायचा?" असं म्हणून त्यांनी ताट इतक्या जोराने घासलं की मास्तर समजले, तिलाही हे खटकतंय.

सकाळी सासूबाई आणि लेक तळ्याच्या कडेने फिरायला गेल्या. जावयाने गाडीतल्या पायपुसण्या उभ्या करून वाऱ्याला आडोसा केला आणि छोटा स्टोव्ह पेटवला. बिया त्याने घरूनच भाजून आणल्या होत्या, कोळशाइतक्या काळ्या. त्या हाताच्या चक्कीत अगदी पिठासारख्या दळल्या, गार पाण्यातच टाकल्या आणि भांडं चढवलं. एक उकळी आली, दुसरी आली, तिसरी आली, तरी हा ढवळतोच आहे. धुराचा वास येऊ लागला तेव्हा मास्तरांना आपल्या दुकानातली जळलेली इस्त्री आठवली.

पलीकडच्या तंबूत तीन सायकलवाले तरुण उतरले होते. जावयाने त्यांना आवाज दिला. "या, कॉफी घ्या! सासरेबुवांची खास पसंती आहे."

ते आले, कप घेतले, घोट घेतले. एकाच्या डोळ्यांत पाणी तरळलं. "मस्त," दुसरा म्हणाला. "एकदम जबरदस्त," तिसरा म्हणाला. जावयाचा चेहरा फुलला. त्यांना अजून देतो म्हणून तो पाण्याचा डबा आणायला गाडीकडे वळला आणि त्याची पाठ फिरताच तिघांनीही कप गवतात उपडे केले. त्यांतल्या एकाने मास्तरांकडे बघून डोळे मिचकावले, जसं काही म्हणत होता, काय काका, तुम्हालाही भोगावं लागतंय का? मग तिघे गुपचूप सायकलींकडे गेले.

मास्तरांची तळपायाची आग मस्तकात गेली. कोण कुठला हा पोरगा, आणि आमच्या जावयाला हसतो? त्यांना वाटलं, उठून त्याची कॉलर धरावी. आणि मग एकदम त्यांच्या लक्षात आलं की त्या पोराने केलं तेच आपण केलं आहे. फरक इतकाच, की हा पोरगा पुन्हा भेटणार नाही. उद्या गाडीवर येणारी गिऱ्हाइकंही अशीच मस्त म्हणतील, पैसे देतील आणि परत फिरकणार नाहीत. का फिरकत नाहीत हे या बापड्याला कोण सांगणार?

जावई डबा घेऊन आला. "गेले का? दुसरं आधण ठेवत होतो."

"अरे, नको ठेवूस!" मास्तर ओरडले.

जावई भांडं हातात धरून तसाच उभा राहिला.

"ओतली त्यांनी ती. गवतात ओतली, तुझी पाठ फिरल्याबरोबर. आणि बरोबर केलं त्यांनी! अरे, डांबर आहे ते डांबर. कुणाच्या नरड्याखाली जाईल? आणि हे विकायला तू नोकरी सोडणार?"

बोलून झाल्यावर मास्तरांच्या लक्षात आलं की आपण जावयाला अरेतुरे केलं, तेही आरडून. तळ्यावरचे दोन बगळेसुद्धा उडून गेले होते. आता काय ते होऊ दे, असं म्हणून ते खुर्चीत मागे टेकले.

"पण तुम्ही तर..." जावई हळू म्हणाला.

"खोटं बोलत होतो."

"नेहमी?"

"नेहमी. तुझी सासूपण. ती तर अर्धी मोरीत ओतते. अरे, आम्ही चहावाली माणसं. कॉफी कशाशी खातात तेही ठाऊक नव्हतं आम्हाला."

जावई खाली बसला. मास्तरांच्या डोळ्यांपुढे नको नको ते येऊ लागलं. हा आता सामान आवरणार, लेक मधल्यामध्ये अडकणार, येणं-जाणं बंद होणार. एका वाक्यात आपण पोरीचा संसार उसवून ठेवला, असं त्यांना वाटलं आणि त्यांना भडभडून आलं.

मग जावयाने शेजारी ठेवलेला स्वतःचा कप उचलला. तो काठोकाठ भरलेला होता. त्याने तो शांतपणे गवतात ओतला.

"मीही पीत नाही ही," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"मला कुठे उतरते? आई पहिल्याच दिवशी म्हणाल्या, आमच्याकडे कडकच लागते. मला वाटलं, अजून कडक हवी असेल, भिडेपोटी सांगत नाहीत. म्हणून पुढच्या वेळी पावडर वाढवली. तुम्ही 'वा' म्हणालात. मग उकळणं वाढवलं. तुम्ही 'फक्कड' म्हणालात. मग बिया काळ्या होईपर्यंत भाजायला लागलो." तो मास्तरांकडे बघून कसनुसं हसला. "मी घरी जाताना हिला म्हणायचो, काय दांडगी माणसं आहेत तुझे आईबाबा! काय पचवतात!"

मास्तर त्याच्याकडे बघतच राहिले. त्यांना आधी हसू आलं, मग स्वतःची लाज वाटली, आणि मग पुन्हा हसू आलं, ते आवरेनाच. जावईही हसायला लागला. पण त्याचं हसू लवकर ओसरलं.

"हीच विकणार होतो मी, बाबा. म्हटलं, इतक्या परखड माणसाला आवडते, म्हणजे माझ्याच जिभेत खोट असणार."

"आणि तुझ्या जिभेला कुठली आवडते?"

जावयाने जरा आढेवेढे घेतले. मग उठून आपल्या पाठपिशवीच्या आतल्या कप्प्यातून एक छोटी पुडी काढली. तिच्यातल्या बिया तांबूस होत्या, भाजलेल्या शेंगदाण्याच्या रंगाच्या. त्याने सांगितलं, लिफ्टचं यंत्र असतं इमारतीच्या गच्चीवर. तिथे काम संपलं की तो सावलीला बसून स्वतःपुरती कॉफी करतो. कधी पहारेकरी येतो, कधी वरच्या मजल्यावरचं कुणी. पितात आणि विचारतात, परत कधी येणार?

"मग हे मला आधी का नाही सांगितलंस?"

"मला वाटायचं, लिफ्ट चालू करून दिली म्हणून गोड बोलतात."

मास्तरांनी कपाळावर हात मारला. खऱ्याला खोटं समजणारा आणि खोट्याला खरं समजणारा असा हा जावई त्यांना मिळाला होता, आणि तसा तो होण्यात त्यांचा स्वतःचाच मोठा वाटा होता. "कर," ते म्हणाले. "आत्ता कर. आणि भांडं आधी घासून घे, त्याला ते डांबर चिकटलंय."

जावयाने भांडं घासलं. बिया जाडसर दळल्या, रव्याएवढ्या. पाणी वेगळं उकळलं आणि खाली उतरवून ठेवलं. मास्तरांना वाटलं आता ओतेल, पण तो पाण्याकडे बघत थांबला.

"गार होतंय ते."

"खळखळ थांबू द्या. उकळतं ओतलं की जळते, कडू होते."

खळखळ थांबली तेव्हा त्याने आधी थोडंसंच पाणी पावडरीवर घातलं. पावडर फुगून वर आली आणि असा वास सुटला की मास्तर खुर्ची पुढे ओढून बसले. मग उरलेलं पाणी घातलं आणि झाकण ठेवलं. वारा वाढला होता. जावई आडोसा सरळ करायला धडपडू लागला, तेव्हा मास्तरांनी गळ्यातला मफलर काढला, भांड्याभोवती दोन वेढे घेऊन टोक नीट आत खोचलं. कपडा कसा बसवायचा हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. झाकण काढल्यावर वर पावडरीचा थर आला होता. जावयाने तो चमच्याने अलगद मोडला, गार पाण्याचे थोडे थेंब शिंपडले आणि गाळ खाली बसेपर्यंत भांड्याला हात लावला नाही. मग अगदी हळू, धार न तुटू देता, एक कप भरला.

मास्तरांनी घोट घेतला. तोंडात आधी किंचित आंबटसर लागलं, मग भाजक्या धान्यासारखं, आणि गिळल्यावर मागे गोडसर असं काहीतरी राहिलं. साखर तर घातलेली नव्हती. त्यांनी कपात डोकावून पाहिलं.

"चांगली आहे," ते म्हणाले.

जावयाचा चेहरा काही हलला नाही. "बाबा, 'फक्कड'सुद्धा तुम्ही असंच म्हणायचात. अगदी असंच."

आता आली का पंचाईत! आयुष्यात पहिल्यांदा मास्तर कॉफीला मनापासून चांगली म्हणत होते, आणि त्यांच्या 'चांगली'ला किंमत उरली नव्हती. शपथ घ्यावी तर तिचाही काय भरवसा? मग त्यांनी दुसरा घोट घेतला, आणि कपड्याचं पहिलं फिटिंग बघताना बघत तसे डोळे बारीक केले.

"तळाला कणी येतेय दाताखाली. दळताना चक्की एकसारखी फिरवली नाहीस तू, मी बघत होतो. हा प्लॅस्टिकचा कप आधी फेकून दे, वास मारतो. आणि कपभर कॉफीला इतका वेळ? ऑफिसला निघालेला माणूस उभा राहील का तोवर? तो निघून जाईल, मग तुझी कॉफी कितीही चांगली असू दे."

मास्तर एकेक खोट काढत गेले तसतसा जावयाचा चेहरा उजळत गेला. "म्हणजे खरंच चांगली आहे," तो म्हणाला.

"मघापासून तेच सांगतोय ना मी!"

तेवढ्यात सासूबाई आणि लेक परत आल्या. मास्तरांनी काही लपवलं नाही. उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं, सायकलवाल्यांपासून पुडीपर्यंत. सासूबाई पदराशी चाळा करत म्हणाल्या, "मी आपलं बोलायचं म्हणून बोलले हो." लेक मात्र बापाकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"बाबा, तुमच्या शब्दावर मी घर पणाला लावायला निघाले होते."

"चुकलं माझं, पोरी," मास्तर म्हणाले.

"आणि आता ही चांगली आहे म्हणताय?"

"आहे. पण माझं ऐकू नकोस."

"नाहीच ऐकणार," ती म्हणाली. तिने मास्तरांच्या हातातला कप ओढून घेतला. वास आला तसं तिने तोंड फिरवलं, एक दीर्घ श्वास घेतला आणि औषध घेतात तसा घोट घेतला. दोघे पुरुष तिच्या तोंडाकडे बघत राहिले. सासूबाईंनी तर श्वासच रोखला होता.

"कडू आहे," लेक म्हणाली.

जावयाची मान खाली गेली.

"थांब रे, झालं नाही माझं." तिने पुन्हा एक घोट घेतला, तो सावकाश. मग ती खाली सतरंजीवर बसली. "साखर आहे का?"

साखर सापडली. तिने दीड चमचा घातली, ढवळली आणि कप रिकामा केला. कप खाली ठेवून तिने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं.

"सोमवारी तू कामावर जायचं," ती नवऱ्याला म्हणाली. "गाडी रविवारची लावू. मी तुझ्याबरोबर उभी राहणार, आणि कोण काय म्हणतं ते ऐकायचं नाही, कोण परत येतं ते बघायचं. लोक परत यायला लागले की राजीनामा मी स्वतः लिहून देते तुला."

"आणि मी?" मास्तरांनी विचारलं.

"तुम्ही पैसे देऊन प्यायची, बाबा. आणि वाईट झाली तर सगळ्यांदेखत ओरडायचं."

"ते जमेल मला," मास्तर म्हणाले. आणि भांड्याभोवतीचा मफलर सोडत जावयाला म्हणाले, "कर रे अजून एकदा. या वेळी चक्की मी फिरवतो."